मार्क, मैल की मोबाइल? अमेरिकेत मुलांच्या गाडीच्या इन्शुरन्सवर कोणती सवलत घ्यावी

घरातल्या पोराच्या हातात लायसन्स आलं की पुढचं प्रीमियमचं बिल बघून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. कंपन्यांकडे त्याला कारणही आहे. अमेरिकेत १६ ते १९ वयोगटातल्या चालकांचं दर मैलामागे जीवघेण्या अपघातांचं प्रमाण विशीपुढच्यांच्या जवळपास तिप्पट आहे. मग मंडळाच्या गणपतीत कुणीतरी भेटतं आणि सांगतं, "अहो, स्टुडंट डिस्काउंट घ्या की!" पण अशा सवलती एक नाही, तीन-चार आहेत, आणि प्रत्येकीचा ताप वेगळा आहे. माझ्या मते निवड टक्केवारीवर करू नये. कागद कोणी, किती वेळा आणायचे यावर करावी.

(पुण्यातल्या नातेवाइकांना हे प्रकरण समजावताना दमछाक होते. तिकडे विमा गाडीचा असतो, क्लेम केला नाही तर २० पासून ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस, विषय संपला. पोराला गणितात किती पडले हे विमा कंपनी कशाला विचारेल?)

मार्कांची सवलत

हिचं नाव 'गुड स्टुडंट डिस्काउंट'. साधारण अटी अशा: वय २५ च्या आत, पूर्णवेळ शिक्षण, आणि जीपीए (चारपैकी मोजलेली मार्कांची सरासरी) ३.० किंवा सरासरी 'बी'. त्याऐवजी डीन्स लिस्ट (कॉलेजची हुशार विद्यार्थ्यांची यादी) किंवा वर्गात वरच्या २० टक्क्यांत नंबर, हेही बऱ्याच ठिकाणी चालतं. घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी एसएटीसारख्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतला क्रमांक धरतात. स्टेट फार्म ही विमा कंपनी २५ टक्क्यांपर्यंत, गायको १५ टक्क्यांपर्यंत असं सांगतात. त्यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा.

शिवाय ही टक्केवारी सहसा अख्ख्या बिलावर मिळत नाही, मुलाच्या वाट्याच्या प्रीमियमवर मिळते, तीही विम्याच्या ठरावीक भागांवर (कव्हरेजवर). समजा सहा महिन्यांच्या बिलात मुलाचा वाटा १२०० डॉलर आहे. त्यावर १५ टक्के म्हणजे १८० डॉलर. रक्कम वाईट नाही, पण 'बिल पाव कमी होईल' या आशेवर बसलेल्या माणसाचा हिरमोड ठरलेला.

आता ताप कुठे आहे तो पाहू. हायस्कूलपर्यंत सगळं सरळ असतं. शाळेच्या पोर्टलवरून रिपोर्ट कार्डाची पीडीएफ काढायची आणि एजंटला पाठवायची. आमच्याकडे तेवढ्यावरही घोडं अडलं. पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर मार्क होते, विषय होते, पण मुलीचं नाव वरच्या पट्टीत होतं आणि ती पट्टी कापली गेली होती. कागद परत. नाव, शाळा, सत्र आणि जीपीए हे चारही एकाच पानावर दिसायला हवेत, एवढं पाळलंत तरी निम्मी पत्रापत्री वाचते. एपी (हायस्कूलमधल्या कॉलेजच्या पातळीच्या) विषयांमुळे शाळा दोन जीपीए छापत असेल, तर कंपनी कुठला धरते हे आधीच विचारून घ्या.

खरी गोची कॉलेजात होते. १९७४ च्या 'फर्पा' कायद्यानुसार मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. फी तुम्ही भरता, पॉलिसी तुमच्या नावावर असते, पण ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका) मागायची तर लेकराच्या हातापाया पडायचं. करासाठी मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज तुम्हाला नोंदी दाखवू शकतं, पण त्याच्यावर तशी सक्ती नाही. शिवाय कंपनी पुरावा पुन्हा पुन्हा मागते, कुठे दर सहा महिन्यांनी, कुठे वर्षाने. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात जीपीए २.९ वर घसरला, तर पुढच्या नूतनीकरणात सवलत गेली.

मैलांची सवलत

मूल कॉलेजसाठी दूर गेलं, बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात १०० मैलांहून लांब, आणि गाडी घरीच राहिली, तर ही मिळते. इथे मार्कांचा संबंध नाही. नावनोंदणीचा दाखला पुरतो आणि अनेक कॉलेजांत तो नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या कॉलेजांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवरून विद्यार्थ्याला फुकट काढता येतो. थँक्सगिव्हिंगला किंवा हिवाळ्याच्या सुट्टीत घरी येऊन त्याने गाडी चालवली तरी विमा लागू राहतो. पॉलिसीतून मुलाचं नाव काढून टाकण्याचा 'शहाणपणा' मात्र करू नका, कारण त्या सुट्टीतच धडक झाली तर पंचाईत.

माझं मत विचाराल तर पात्र असाल तेव्हा सगळ्यात आधी हीच घ्या. कटकट कमी आणि बहुतेक वेळा मार्कांच्या सवलतीसोबतही जुळते. मात्र दुसऱ्या वर्षी पोरगा गाडी कॅम्पसवर घेऊन गेला, तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडी जिथे रात्री उभी असते तो पत्ता चुकीचा निघाला तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

मोबाइलची सवलत

फोनमधलं अ‍ॅप ब्रेक, वेग आणि रात्रीचं ड्रायव्हिंग मोजतं. कागद शून्य. पण प्रोग्रेसिव्ह कंपनीच्या 'स्नॅपशॉट'सारख्या योजनेत बऱ्याच राज्यांत दर वाढूही शकतो, आणि नवशिका पोरगा सिग्नलला कचकन ब्रेक दाबणारच. कॅलिफोर्नियात हा प्रश्न फारसा येत नाही. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) पासून तिथले दर ठरवण्याचे नियम कडक आहेत आणि अशा यंत्रांतून मुख्यतः मैल मोजले जातात.

न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडच्या लोकांसाठी डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे अपघात टाळून गाडी चालवायला शिकवणारा, कोर्स आहेच. न्यू यॉर्कमध्ये मान्यताप्राप्त कोर्स केलेल्या मुख्य चालकाला तीन वर्षं १० टक्के सूट कायद्यानेच मिळते. एकदा बसायचं, तीन वर्षं निवांत. कंटाळवाणा असतो, पण दर सत्राला ट्रान्सक्रिप्टसाठी मुलाला फोन करण्यापेक्षा परवडला.

एमएसला आलेल्यांनी काय करावं

त्यांचं गणित वेगळं आहे. पॉलिसी स्वतःच्या नावावर, म्हणजे मैलांची सवलत गेली, कारण ती घरच्या पॉलिसीवरच्या मुलांसाठी असते. पहिल्या सत्रात अमेरिकेतला जीपीएच नसतो. दोन वर्षं नोकरी करून आलेला पोरगा पदवी हातात येईपर्यंत पंचविशीला टेकतो, म्हणजे मार्कांची सवलत मिळाली तरी एखाद-दोन सत्रांची पाहुणी. भारतातला ड्रायव्हिंगचा अनुभव बऱ्याच कंपन्या धरतही नाहीत. त्यापेक्षा दोन-तीन कंपन्यांचे दर (कोट) मागवा, भारतातलं जुनं लायसन्स अनुभवात धरता का, हे प्रत्येकीला विचारा, आणि मग कोर्स किंवा अ‍ॅप निवडा. बसने भागत असेल, तर पहिलं वर्ष गाडीच घेऊ नका.

घरच्या पॉलिसीवर मूल असेल, तर एजंटला एकच ईमेल करा आणि त्यात विचारा: मुलाच्या वाट्याचे डॉलर किती, पुरावा किती महिन्यांनी लागतो, आणि तो वेळेत पोचला नाही तर मागच्या तारखेपासून सवलत मिळते का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर नूतनीकरणाच्या महिनाभर आधीच ट्रान्सक्रिप्टचा तगादा सुरू करा.