हिटमॅन: 'कोडनेम ४७' पासून 'फ्रीलान्सर'पर्यंत, बरेच महिने खेळल्यावर

हिटमॅन ही एका भाडोत्री मारेकऱ्याची व्हिडिओ गेम मालिका. आधी नावांचा घोळ सोडवतो, कारण विकत घ्यायला गेलेला माणूस तिथेच अडकतो. 'हिटमॅन २' नावाचे दोन गेम आहेत, एक २००२ चा आणि एक २०१८ चा. २०१६ च्या गेमचं नाव नुसतंच 'हिटमॅन'. जानेवारी २०२३ मध्ये २०१६, २०१८ आणि २०२१ चे तिन्ही भाग एकत्र करून त्याला 'वर्ल्ड ऑफ अ‍ॅसॅसिनेशन' असं नाव दिलं. गेल्या पावसाळ्यापासून मी मुख्यतः हेच खेळतोय, आणि मधेमधे जुने भागही पुन्हा लावून बघितले. त्यामुळे हे लिखाण एका गेमचं कमी आणि अख्ख्या मालिकेचं जास्त आहे.

कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हने २००० साली 'कोडनेम ४७' काढला. त्यातला मारेकरी म्हणजे ४७, हेच त्याचं नाव: टकलं डोकं, मानेच्या मागे बारकोड, काळा सूट, लाल टाय. अशा माणसाने लपायचं म्हणजे गंमतच. पण दबक्या पावलांचे बाकीचे गेम अंधारावर चालतात; सावली शोधा, दिवा फोडा, गार्डची पाठ वळेपर्यंत थांबा. हिटमॅन चालतो भर दुपारी, गर्दीत, सगळ्यांच्या समोर. लग्नाच्या हॉलमध्ये हातात ट्रे घेऊन फिरणाऱ्याला 'तू मुलाकडचा की मुलीकडचा' असं कोणी विचारत नाही, तेच तत्त्व. वेटरचे कपडे घातले की किचन आपलं, गार्डचे घातले की वरचा मजला आपला. तेव्हापासून आयओची मंडळी एकाच प्रश्नाशी झटापट करतायत: हे सोंग किती टिकू द्यायचं?

पहिल्या भागात मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. शेवटच्या मिनिटाला चूक झाली की सगळं पहिल्यापासून. आज ते खेळणं शिक्षा आहे, स्पष्टच सांगतो. २००२ च्या 'सायलेंट असॅसिन'ने सेव्ह दिलं, येस्पर क्यूडचं संगीत बुडापेस्टच्या ऑर्केस्ट्राकडून आणि गायकवृंदाकडून करून घेतलं, आणि ते अजूनही अंगावर येतं. गार्ड मात्र भलतेच संशयी. वेश बरोबर असला तरी जरा पळालात की बंदुका बाहेर. त्यामुळे अख्खा मैदानी पट्टा ४७ ला फिरायला आल्यासारखा संथ चालवत न्यावा लागतो. याच भागात पंजाबातल्या गुरुद्वारासारख्या ठिकाणच्या गोळीबारावरून शीख समाजाने आक्षेप घेतला होता आणि प्रकाशकांना त्यात बदल करावे लागले. २००४ चा 'काँट्रॅक्ट्स' मी पटकन उरकला. पहिल्या भागातल्या बऱ्याच मोहिमा त्यात नव्याने रंगवल्यात, वातावरण ओलं आणि काळोखं, बाकी सांगण्यासारखं फार नाही.

खरा सांधा २००६ च्या 'ब्लड मनी'त जुळला. नुसता खून करायचा नाही, तो अपघात वाटला पाहिजे. झुंबर पाडा, जिन्यावरून ढकला, पॅरिसच्या ऑपेरात नाटकातलं खोटं पिस्तूल काढून तिथे खरं ठेवा, म्हणजे गोळी नटच झाडेल आणि आपण बाल्कनीत बसून बघू. मोहीम संपली की वर्तमानपत्र समोर येतं. साक्षीदार राहिले असतील किंवा कॅमेऱ्याची टेप मागे राहिली असेल तर त्यात आपलं रेखाचित्र छापून येतं आणि पुढच्या मोहिमेत लोक ओळखायला लागतात. पैसे चारून ती बदनामी कमी करता येते. ही वर्तमानपत्राची कल्पना पुढे का सोडून दिली, हे मला आजही कळलेलं नाही.

मग सहा वर्षांनी 'अ‍ॅब्सोल्यूशन'. दिसायला सुंदर, पण एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर असा सरळ बोळ. त्यात वेशाचा नियमच बिघडवला: पोलिसाचे कपडे घातले तर झाडून सगळे पोलीस तुम्हाला ओळखणार. मग घालायचे कशाला? तोंड झाकायचं तर 'इन्स्टिंक्ट' नावाची मोजकीच मिळणारी शक्ती खर्च होते, आणि ती संपली की धावपळ. चायनाटाउनच्या बाजाराची मोहीम तेवढी जुन्या वळणाची. खेळाडूंनी स्वतः टार्गेट निवडून दुसऱ्यांना आव्हान द्यायची सोय मात्र याच भागाने आणली, हे त्याच्या पदरात टाकायला हवं.

२०१६ ला त्यांनी जे केलं त्यावर तेव्हा लोक चिडले होते. मार्चमध्ये पॅरिस, एप्रिलमध्ये सापिएन्झा, असे तुकडे करत ऑक्टोबरअखेर होक्काइदोपर्यंत गेम पुरा केला. आता सगळं एकदम मिळत असूनही मी मुद्दाम तसाच खेळलो, एक जागा पुरती मुरल्याशिवाय पुढे जायचं नाही. या भागांची चव अशीच लागते. सापिएन्झा हे इटलीच्या किनाऱ्यावरचं काल्पनिक गाव. पहिल्या फेरीत नुसतं गाव वाटतं, नंतर हळूहळू कळतं की हवेलीच्या पोटात प्रयोगशाळा आहे, चर्चखाली शवागार आहे, आणि आचारी, माळी, डिलिव्हरीवाला या प्रत्येकाला कुठे ना कुठे प्रवेश आहे. वेशाचा तिढाही इथे सुटला: तुमचं सोंग ओळखणारे फक्त ठरावीक लोक, त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका. हेड शेफला आपली माणसं ठाऊक असणार, नवीन वेटरला नसणार. साधं, पटणारं.

आता मुंबई. २०१८ च्या भागातली ही मोहीम मी सर्वात जास्त वेळा खेळलो, आणि ती फक्त आपली म्हणून नाही. तीन टार्गेट आहेत: अर्धवट बांधलेल्या टॉवरमध्ये बसलेला दाऊद रंगन, रेल्वे यार्डात राणीसारखी दरबार भरवणारी वान्या शाह, आणि वझीर काळे, ज्याचा चेहराच सुरुवातीला कोणाला माहीत नाही. (वझीर आणि काळे ही जोडी लिहिणाऱ्याला कुठे सापडली कोण जाणे.) गर्दीतून त्याला हुडकायचं हेच अर्धं काम. शिवाय 'द काश्मिरियन' नावाचा दुसरा एक मारेकरी रंगन आणि शाहच्या मागावर असतो. दोघांना त्याच्या नेमासमोर आणून उभं केलं की आपण हात न लावता काम फत्ते. चाळी, कपडे धुण्याची जागा, सिनेमाचं शूटिंग, सगळं एकाला एक खेटून, आणि त्याच्यावर डोकावणारा टॉवर. बोलणं मात्र सगळं इंग्रजीत, आणि झोपडपट्टी, सिनेमा, गुंड यापलीकडची मुंबई नाही. नोकरदार माणूस तर औषधालाही दिसत नाही. तरीही रचना म्हणून अव्वल.

२०२१ च्या भागात डार्टमूरच्या वाड्यात गुप्तहेराचे कपडे घालून घरातल्याच खुनाचा तपास करता येतो, आणि बर्लिनमध्ये 'इकडे जा, हे कर' सांगणाऱ्या मिशन स्टोरी काढूनच टाकल्यात. मला बर्लिन जास्त आवडलं. तिथे कळतं की इतके दिवस आपण खरंच काही शिकलो की बोट धरून चालत होतो.

हाच विचार तिन्ही भाग एकत्र केलेल्या गेममधल्या 'फ्रीलान्सर' या वेगळ्या खेळप्रकाराने टोकाला नेला, आणि गेले काही महिने मी दुसरं काही फारसं लावलेलं नाही. मधे सेव्ह नाही. मेलात तर बरोबर नेलेली हत्यारं गेली, निम्मे पैसे गेले. टोळीचा म्होरक्या कोण ते चष्मा, गोंदण, टोपी, सिगरेटची सवय अशा खुणांवरून ओळखायचं. म्हणजे फिरून २००० सालची शिक्षाच आली की! फरक एवढाच की तेव्हा जागा अनोळखी होती, आता आपल्याला प्रत्येक मागचा जिना पाठ असतो.

एक दोष मोठा आहे. गेम एकट्याने खेळायचा, पण सर्व्हरशी जोडलेला नसाल तर प्रगती नोंदली जात नाही आणि फ्रीलान्सर तर सुरूच होत नाही. याच कारणावरून २०२१ मध्ये जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर आलेला २०१६ चा 'हिटमॅन' खेळाडूंच्या ओरड्यानंतर महिन्याभरात तिथून काढावा लागला. जिथे पहिल्या सरीला नेट जातं त्यांनी हे लक्षात घेऊनच पैसे घालावेत.

नवीन असाल तर सेलमध्ये 'वर्ल्ड ऑफ अ‍ॅसॅसिनेशन' घ्या आणि सापिएन्झात मुक्काम ठोका. जुन्यांपैकी फक्त 'ब्लड मनी'. आणि मुंबईत पहिल्यांदा उतराल तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन मिशन स्टोरीच्या सूचना बंद करा. काळेला स्वतः शोधण्यात जी मजा आहे ती बाणाच्या मागे चालण्यात नाही.