मुंबईची मोनोरेल, चेंबूर ते सात रस्ता : बंद गाडीचा रिव्ह्यू

पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन एसीला आणि खिडकीला. मोनो 20 सप्टेंबर 2025 पासून बंद केलीय, मग आता रिव्ह्यू कसला म्हणाल, पण बंद झाल्यावर जेवढे लोक तिच्यावर बोलले त्यातले निम्मे जरी आधी बसले असते ना तरी डबे रिकामे गेले नसते.

ज्यांनी नुसती खालून बघितलीय त्यांच्यासाठी: साधारण 20 किमी, 17 स्टेशनं, तिकीट होतं 10 ते 40 रुपये. चेंबूर-वडाळा 2014 ला सुरू झाली आणि पुढे सात रस्त्यापर्यंत यायला 2019 उजाडलं, मधेच 2017 ला म्हैसूर कॉलनीला डब्यांना आग लागली तेव्हाही कितीतरी महिने बंदच होती.

बसायला मात्र झकास हां. म्हैसूर कॉलनी सोडली की भक्ती पार्कपर्यंत खिडकीची सीट सोडायची नाही, आणि वळणावर गाडी अशी कलते की मोबाईलमध्ये डोकं घातलेला माणूसपण आपोआप दांडा पकडतो. दुपारच्या वेळी अख्ख्या डब्यात चार-सहा टाळकी, त्यातलं एक गाढ झोपलेलं. लोकलवाल्याला हे सुख कुठे मिळणार!

घोळ असा की एक गाडी चुकली की बसा वाट बघत, आणि लोकलशी धड जोडच नाही, चेंबूरला उतरा आणि मार्केटच्या गर्दीतून स्टेशन गाठा, सात रस्त्याला उतरा आणि महालक्ष्मी स्टेशनपर्यंत तंगडतोड करा. मग कोण कशाला जाईल?

बाकीचे स्टार गेले ते 19 ऑगस्ट 2025 ला. पावसाने हार्बर लोकल ठप्प, म्हणून सगळी पब्लिक मोनोवर तुटून पडली, 104 टनाच्या गाडीत 109 टन वजन झालं, गाडीला वीज देणाऱ्या पॉवर रेलचा कॉन्टॅक्ट तुटला आणि म्हैसूर कॉलनी-भक्ती पार्कच्या मधे गाडी लटकली. एसी बंद, काचा बंद, शेवटी फायर ब्रिगेडने शिड्या लावून पाचशेच्या वर माणसं खाली उतरवली. म्हणजे वर्षानुवर्षं रिकामी धावलेली गाडी गर्दीमुळे अडकली, आता बोला. सप्टेंबरमध्ये परत वडाळ्याकडे अडकली तेव्हा आत फक्त 17 जण होते, म्हणजे सगळा दोष गर्दीवरपण ढकलता येत नाही.

म्हणून बंद केली ते बरोबरच केलं असं माझं मत. जुन्या गाड्या मलेशियाच्या कंपनीच्या, त्यांचं कंत्राट कधीच रद्द झालं, पार्ट मिळायची बोंब. आता हैदराबादला बनलेल्या नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवायचीय, ते काम रात्रीच्या तीन-साडेतीन तासांत रखडत करण्यापेक्षा बंद ठेवून एकदाच करा.

फक्त तोवर अँटॉप हिल, भक्ती पार्कवाल्यांनी काय करायचं? चेंबूरची रिक्षा सायनपुढे येत नाही, टॅक्सीवाला जवळचं भाडं ऐकून मान फिरवतो, उरली बस, ती ट्रॅफिकमध्ये.

नवी मोनो सुरू करताना स्टार वाढवून हवे असतील तर दोनच गोष्टी करा, गाड्यांची फ्रिक्वेन्सी वाढवा आणि हार्बर बंद पडली की माणसं खाली गेटवरच मोजून सोडा, आधी चढवायची आणि मग डब्यात येऊन उतरा उतरा ओरडायचं हे नको.