पार्किंगमधला कॉम्प्रेसर: वर टांगावा, पेटीत ठेवावा, बाहेर काढावा की बदलावा?

रो-हाउसच्या पार्किंगमध्ये एक चारचाकी, एक स्कूटर आणि मुलांच्या सायकली लागल्या की भिंतीलगत जेमतेम दोन फुटांची पट्टी उरते. माझं सुतारकाम त्याच पट्टीत चालतं आणि हवा दाबून टाकीत भरणारा, हत्यारं चालवायला लागणारा कॉम्प्रेसरही तिथंच बसवायचा होता. जागा वाचवायला जे करावं त्याने आवाज वाढतो आणि आवाज कमी करायला गेलं की जागा जाते. म्हणून दोन्ही गोष्टींचा विचार एकदमच करावा लागतो.

माझा पहिला कॉम्प्रेसर 25 लिटरचा, ऑइलवाला, पंप थेट मोटरला जोडलेला. अशी मोटर मिनिटाला साधारण 2,800 फेरे घेते आणि जवळ उभं राहिलं तर बोलणं ऐकू येत नाही. फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचं स्टँड करून घेतलं आणि तो शेजारच्या घराला लागून असलेल्या सामाईक भिंतीवर पाच फुटांवर चढवला. खाली दोन सायकली आरामात बसल्या. संध्याकाळी शेजारच्या काकू दाराशी आल्या. म्हणाल्या, "अरे, तुझं ते मशीन लागलं की माझ्या मांडणीवरची फुलपात्रं वाजायला लागतात." मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, भिंतीला तळहात लावला आणि इकडे मुलाला बटण दाबायला सांगितलं. तळहाताला मुंग्या याव्यात तशी भिंत थरथरत होती. हवेतून येणारा आवाज दार-खिडकी लावली की निम्मा अडतो, पण भिंतीत शिरलेला हादरा पलीकडच्या खोलीत जाऊनच थांबतो.

त्यामुळे टांगण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: सामाईक भिंतीवर कधीच नाही. स्वतःच्या बाहेरच्या भिंतीवर चालेल, पण ती कशाची आहे ते आधी पाहा. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत साधे फास्टनर रोजच्या हादऱ्याने सैल होतात. तिथे आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी हवी. त्याहून बरा उपाय म्हणजे जमिनीवर चार पायांवर उभं राहणारं रॅक. वर कॉम्प्रेसर, खाली हत्यारांची पेटी, प्रत्येक पायाखाली जाड रबरी पॅड. तोल जाऊ नये म्हणून रॅक भिंतीला बांधायचं असेल तर मध्ये रबर घाला आणि बोल्ट करकचून आवळू नका. रबर पूर्ण दाबलं गेलं की ते असून नसल्यासारखंच. उंचावर ठेवताना टाकीच्या तळाच्या ड्रेन कॉकचा, म्हणजे पाणी काढायच्या तोटीचाही विचार करा. पावसाळ्यात टाकीत रोज पाणी साचतं, आणि हात पोचत नसला की ते काढायचं राहून जातं. मग टाकी आतून गंजते, आणि दाबाखालची गंजलेली टाकी धोक्याची. कॉकला नळी जोडून दुसरा कॉक कमरेच्या उंचीवर आणला की हा प्रश्न मिटतो.

पेटी करून त्यात कॉम्प्रेसर कोंडायचा सल्ला सगळेच देतात. मी तो देणार नाही. दीड एचपीची मोटर साधारण 1,100 वॉट घेते आणि त्यातली बहुतेक वीज शेवटी उष्णता होऊन पेटीतच राहते. म्हणजे बंद कपाटात रूम हीटर लावल्यासारखं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर मोटर जळायला वेळ लागणार नाही. पेटी नीट करायची तर 18 मिलिमीटर प्लाय, आतून रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), हवा आत-बाहेर करायला नागमोडी वाट आणि पंखा एवढं सगळं लागतं. हे सगळं धरून पेटी मूळ यंत्राच्या जवळपास दुप्पट जागा खाते. अंड्यांचे ट्रे चिकटवून तर काहीच होत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि ते पुठ्ठ्यात नसतं.

बाहेर, जिन्याखाली किंवा मागच्या पॅसेजमध्ये जागा असेल तर ती सोन्यासारखी. पार्किंगमधली जमीन पूर्ण मोकळी होते, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. मात्र विजेची वायर लांबवू नका, हवेचा पाइप लांबवा. बारीक, लांब वायरवर व्होल्टेज पडतं आणि मोटर सुरू होतानाच अडखळते. पाइप पीव्हीसीचा नको. दाबाखाली तो फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घ्या, थोडा उतार द्या आणि शेवटी पाणी काढायला कॉक ठेवा. वरून पत्रा हवा, पण चारी बाजू मोकळ्या. आणि आपली डोकेदुखी शेजाऱ्याच्या खिडकीखाली नेऊन ठेवत नाही ना, एवढं पाहा. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे. मेन स्विच बंद करूनच झोपा, नाहीतर बारीक गळतीने दाब उतरतो आणि मध्यरात्री यंत्र आपोआप धडधडतं.

राहिला चौथा पर्याय, यंत्रच बदलणं. दातांच्या दवाखान्यात असतात तसे ऑइल-फ्री, कमी आवाजाचे कॉम्प्रेसर आता 25-30 लिटरच्या टाकीसह सहज मिळतात. त्यांची मोटर मिनिटाला साधारण 1,400 फेरे घेते आणि आवाज 60 ते 70 डेसिबलच्या आसपास राहतो. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. माझा जुना 90 च्या घरात होता, यावरून फरक समजा. नेल गन (हवेच्या दाबाने खिळे ठोकणारं हत्यार), धूळ उडवणं, टायरमध्ये 32-35 पीएसआय हवा भरणं यासाठी तो भरपूर पुरतो. पैसे जास्त जातात आणि पिस्टनची रिंग काही वर्षांनी बदलावी लागते, तरी सामाईक भिंतीच्या घरासाठी माझं मत यालाच.

गाडीचे पॅनल रंगवणाऱ्यांना मात्र हा कमी पडेल. मोठ्या स्प्रे गनला 8 ते 12 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा सतत लागते. तिथे बेल्टवाला (मोटर पट्ट्याने पंप फिरवते असा), मोठ्या टाकीचा आणि बाहेर बसवलेला कॉम्प्रेसरच हवा. त्याचा पंप सावकाश फिरतो, आवाज जाड पण सोसवेल असा असतो आणि आयुष्यही मोठं. वर्षातून एकदाच रंगकाम असेल तर तो भाड्याने आणा.

मी जुना विकला. नवा कमी आवाजाचा रॅकवर, भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवलाय. पहिल्या दिवशी तो चालू ठेवून काकूंच्या भिंतीला पुन्हा तळहात लावून आलो. मगच नेल गन हातात घेतली.