लाईट जाणाऱ्या गावातून कोडिंग: आठ महिन्यांनंतर

मे 2025 च्या शेवटी पुण्यातली खोली सोडून गावी आलो. गाव देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठावर. सोबत 2017 चा लॅपटॉप. सातव्या पिढीचा इंटेल, 8 जीबी रॅम आणि बॅटरी जेमतेम बारा मिनिटं टिकणारी. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबरला संपणार होती आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचेच इंटेल चालतात, म्हणून निघण्याआधी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. कोड लिहायला निओव्हिम, टर्मिनल म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारा एडिटर, आणि क्लायंटच्या सर्व्हरवर दुरून काम करायला मोश. शहरात असताना ही मंडळी मला हौशी लोकांचे चाळे वाटायची.

मृग लागला आणि मत बदललं.

आमच्याकडे पावसात लाईट जाते ती फांदी पडली म्हणून, वारा सुटला म्हणून, आणि कधी कधी काहीच कारण नसताना. घरात इन्व्हर्टर आहे, पण आईच्या मते तो पंख्यासाठी आणि देवघरातल्या दिव्यासाठी. जूनमध्ये एकदा दोन तास बसून पगाराच्या हिशेबाचं एक फंक्शन लिहीत होतो. बॅटरीकडे लक्ष नव्हतं, लॅपटॉप धप्पकन बंद. सेव्ह केलेलं नव्हतं. लाईट आल्यावर फाईल उघडली तर निओव्हिमने ई325 ची, म्हणजे आधीची अर्धवट नोंद सापडल्याची, ती लांबलचक सूचना दाखवली. आर दाबलं आणि शेवटची अर्धी ओळ सोडता सगळं परत. तुम्ही दोनशे अक्षरं टंकलीत किंवा चार सेकंद थांबलात की तो स्वॅप फाईलमध्ये, म्हणजे बाजूच्या तात्पुरत्या फाईलमध्ये, गुपचूप नोंद करून ठेवतो. ही सोय व्हीआयच्या, म्हणजे निओव्हिमच्या आजोबांच्या, जमान्यापासूनची. मी इतकी वर्षं त्या स्वॅप फाईली कचरा समजून उडवत होतो!

मोशबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. आमचं घर जांभ्याचं. भिंती दीड हात जाड, त्यामुळे माजघरात रेंज शून्य, पडवीत दोन काड्या, आणि खळ्यात पोफळीखाली उभं राहिलं तर चार. साधं एसएसएच (सर्व्हरवर लॉगिन करायची नेहमीची पद्धत) पडवीतून माजघरात जाईपर्यंत मरतं. मोश आधी एसएसएचनेच लॉगिन करतो, पण नंतरचं बोलणं युडीपीवर, ज्यात कायमची जोडणी लागत नाही. आयपी बदलला, लॅपटॉप झाकला, रेंज गेली, तरी सेशन तसंच. स्क्रीनच्या वर निळी पट्टी येते, शेवटचा संपर्क इतक्या वेळापूर्वी. एकदा ती अठरा मिनिटांवर गेलेली पाहिली, तेवढ्यात मी जेवून आलो होतो. टाईप केलेलं अक्षर सर्व्हरची वाट न बघता लगेच उमटतं, पक्कं होईपर्यंत खाली रेघ असते. सवय झाली की रेघांवरून नेटची तब्येत कळते. खोट एवढीच की तो फक्त समोर दिसणारा पडदा जुळवतो, वर सरकून जुना मजकूर बघता येत नाही. त्यासाठी आत टीमक्स हवाच, तो जुना मजकूर धरून ठेवतो. आणि सर्व्हरवर 60000 ते 61000 मधले युडीपी पोर्ट उघडून घ्यावे लागतात. ते उघडायला क्लायंटच्या माणसाने तीन आठवडे घेतले, तो भाग वेगळा.

गणपतीत चाकरमानी आले की रेंजचं पार पंचामृत होतं. वाडीत माणसं चौपट, टॉवर तोच. त्या आठवड्यात गिट पुश, म्हणजे कोडमधले बदल सर्व्हरवर चढवणं, अर्ध्यावर तुटायचं. शेवटी गिट बंडल वापरलं. सगळे नवे कमिट (नोंदवलेले बदल) एका फाईलमध्ये बांधले, फाईल फोनमध्ये टाकली, स्कूटर काढून सड्यावर गेलो आणि तिथून सहकाऱ्याला पाठवली. त्याने त्या फाईलवरूनच पुल केलं. 2005 पासून गिट आहे, मी दहा वर्षं वापरतोय, आणि ही आज्ञा पहिल्यांदा हाताला लागली ती कातळावर गवतात उभं राहून.

त्याच सुमारास एक गाढवपणाही केला. ट्रिक्सी, म्हणजे डेबियन 13, 9 ऑगस्टला आलं होतं. रात्री नेट बरं असतं म्हणून बारा वाजता अपग्रेड सुरू केलं, आणि पॅकेजं उलगडत असताना लाईट गेली. सकाळी नुसता काळा टर्मिनल. डेबियनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला लावून, एप्टला तुटलेलं जोडायला लावून तीन तासांत उभं केलं. दोष माझा. इन्व्हर्टरवर आईशी वाटाघाटी आधी करायला हव्या होत्या.

मराठीचं दुखणं अजून आहे. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, कर्सर एका घरात आणि काना दुसऱ्या घरात. शिवाय इन्स्क्रिप्ट (मराठी कळफलक) चालू राहिलं आणि निओव्हिममध्ये खाली जायला इंग्रजी 'जे'चं बटण दाबलं, तर जातो र, आणि एडिटर ढिम्म. मराठी मजकूर मी अजून साध्या ग्राफिकल एडिटरमध्येच लिहितो.

खाऱ्या वाऱ्याने एस्केपचं बटण सप्टेंबरात अडकलं. व्हिमवाल्याचं एस्केप जाणं म्हणजे नारळ सोलायला बसून कोयती हरवणं. कॅप्स लॉकला त्या कामावर बसवलंय. एरवी तरी त्याचा काय उपयोग होता?

एआय सहायकाबद्दल दोन ओळी. ऑनलाइनवाला चांगला, पण लाईट गेली की राउटरसोबत तोही जातो. ओलामाने लॅपटॉपवरच, नेटशिवाय, मॉडेल चालवून बघितला, या यंत्रावर तो पावसाळी एसटीसारखा येतो. झील या नेटशिवाय वाचता येणाऱ्या अ‍ॅपमध्ये डॉक्युमेंटेशन उतरवून ठेवलंय, तेच जास्त कामाचं.

गेमिंगचं म्हणाल तर विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनने बरंच सोपं केलंय, पण भाच्याचा नेमबाजीचा गेम चालत नाही. त्याचं अँटिचीट (फसवेगिरी पकडणारा भाग) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जाऊन बसतं, लिनक्सवर त्याला थाराच नाही. भाचा रुसला. मी स्टारड्यू व्हॅली खेळतो. 2016 चा, एकट्या माणसाने बनवलेला, लिनक्सवर थेट चालणारा, आणि या लॅपटॉपलाही झेपणारा. फक्त तो सेव्ह होतो पात्र झोपलं की. दुपारी मासे धरलेत, बी पेरलंय आणि लाईट गेली, की तो दिवस परत पहिल्यापासून.

बाबा सुरुवातीला हसायचे, समोर खाडी असताना हा आत बसून गरवतो म्हणून. परवा आभाळ भरून आलं तर मागून आवाज आला, "लाईट जावच्या आधी निजव त्याका."