घरातल्या स्पीकरसाठी ब्लूटूथ घ्यावा की वाय-फाय?

घरात कायमचा ठेवायला बिनतारी स्पीकर घ्यायचा म्हटलं की चर्चा लगेच आवाजावर येते. मी आधी एवढंच विचारेन: तो लावणार कोण? एकटे तुम्ही, की घरातले सगळेच?

आमच्याकडे काही महिने दोन्ही होते, शेजारच्याच खोल्यांत. ब्लूटूथवाल्याला गाणं फोनकडून मिळतं, त्यामुळे फोन साधारण 10 मीटरच्या आत लागतो आणि मध्ये जाड भिंत आली की तेवढंही अंतर पुरत नाही. आई गाणी ऐकत बसलेली असायची आणि मी फोन खिशात टाकून जिना उतरलो की तिसऱ्या-चौथ्या पायरीवर वरचं गाणं तुटक व्हायचं, मग बंदच. कुणाचा फोन आला की गाणं थांबून स्पीकरमधून रिंग वाजायची. तिला स्वतःच्या फोनवरून लावायचं असलं, तर आधी माझा फोन सुटा करावा लागायचा. तिने शेवटी तो स्पीकर लावणंच सोडलं, याचं मला फार वाईट वाटलं.

वाय-फाय स्पीकर बहुतेक संगीत सेवांवरचं गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो. अॅपलच्या एअरप्लेवर, म्हणजे आयफोनवरून स्पीकरला गाणं पाठवायच्या सोयीवर, आवाज फोनमधूनच निघतो, पण घरच्या वाय-फायवरून जातो, म्हणून तो घरभर पोहोचतो. मात्र पहिल्या दिवशी चिकाटी लागते. अॅप, खातं, पासवर्ड आणि काही स्पीकर राउटरच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या (5 च्या नव्हे) वाय-फायलाच जोडले जातात. राउटर बदलला की हे सगळं बहुधा पुन्हा. इंटरनेट गेलं की थेट तिथून येणारं गाणंही गेलं. म्हणून निव्वळ वाय-फायवर चालणारा स्पीकर मी घेणार नाही. सोबत ब्लूटूथ किंवा ऑक्सची, म्हणजे वायरने जोडायची, पिन हवीच, कारण कंपनीने उद्या अॅपकडे लक्ष देणं थांबवलं तरी डबा वाजत राहिला पाहिजे.

आता आवाज. कागदावर वाय-फाय सरस आहे. सीडीच्या दर्जाला सेकंदाला 1411 किलोबिट लागतात. ब्लूटूथचं सर्वांत साधं कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत), एसबीसी, नेहमीच्या वापरात 328 च्या आसपास थांबतं. एलडॅक हे दुसरं कोडेक 990 पर्यंत जातं, पण ते फोन आणि स्पीकर दोन्हींत असावं लागतं आणि आयफोनमध्ये ते नाही. तरी खरं सांगतो, एकाच स्पीकरवर तेच गाणं दोन्ही वाटांनी लावून पाहिलं, तर मला फरक सांगता आला नाही. फरक कळला तो डब्याच्या आकाराचा आणि जागेचा.

त्यासाठी तबल्याची साथ असलेलं ओळखीचं गाणं हळू आवाजात लावा. लहान स्पीकरवर डग्ग्याची नुसती थाप ऐकू येते, तिच्यामागचा घुमारा गायब असतो. आवाज वाढवला तर ड्रायव्हर, म्हणजे आतला थरथरणारा पडदा, फाटू नये म्हणून बरेच लहान स्पीकर खर्ज आपणहून दाबतात आणि गाणाऱ्याचा गळा किरटा लागतो. मोठा डबा हळू आवाजातही भरदार वाटतो. तोच कोपऱ्यात ढकलला की खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. आमचा हातभर पुढे ओढला, तेव्हा गाण्याचे शब्द सुटे झाले. बंद कप्प्यात तर कुठलाच ठेवू नका.

वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. बाकी सगळं सारखं असताना 20 चे 40 वॅट झाले, तरी वाढ 3 डेसिबलचीच, कानाला थोडीशी. एका मोठ्या डब्यापेक्षा जोडीने चालणारे दोन मध्यम स्पीकर अंतरावर ठेवले, तर गाणं जास्त उलगडतं. टीव्हीला जोडायचा असेल तर ब्लूटूथ टाळा, ओठ आणि शब्द मागेपुढे होऊ शकतात.

एकट्याच्या खोलीसाठी, किंवा उचलून इकडेतिकडे न्यायला, बॅटरीवाला ब्लूटूथ घ्या आणि सेटिंगच्या भानगडीत पडू नका. चारजणांच्या घरासाठी माझं मत वाय-फायला, आणि वर आवाजाची व थांबवायची खरी, बोटाला लागणारी बटणं असलेल्याला. आमच्याकडे आता तसाच आहे. आई सकाळी येता-जाता बटण दाबते आणि आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं गाणं तिथूनच सुरू होतं, माझा फोन कुठेही असो.