एक शब्द सजवायचा की अख्खा फॉन्ट करायचा?

नक्षीदार अक्षरांचा नाद लागला की आपण आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतो. त्याआधी एक ठरवा: एखादंच नाव सजवायचंय, की टाइप करता येईल असा फॉन्ट हवाय?

एकच नाव असेल तर इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घ्या. ते फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. अक्षराचा पाथ (म्हणजे बाह्यरेषा) केला की त्याचा प्रत्येक नोड (रेषेवरचा ओढता येणारा बिंदू) हाताशी येतो, मग हवी तशी वळणं द्या. आणि निव्वळ आकारांशी खेळायचं असेल तर मला याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. त्यातल्या ‘टाइल्ड क्लोन्स’मध्ये, म्हणजे एका आकाराच्या नकला जाळीसारख्या मांडणाऱ्या साधनात, सममितीचे १७ प्रकार आहेत. एक वाकडीतिकडी पाकळी काढायची, प्रकार निवडायचा, की जाळी तयार. मूळ पाकळीचा एक नोड ओढला की सगळी जाळी डोळ्यांदेखत बदलते. यात तासन्‌तास जातात!

टाइप करायचा फॉन्ट हवा असेल तर सगळ्यात सोपं फॉन्टस्ट्रक्ट. ते ब्राउझरमध्येच चालतं. चौकटींत ठोकळे मांडायचे आणि ट्रूटाइप फॉन्ट उतरवून घ्यायचा. बेझिए वक्रांची (नोड ओढून वळवायच्या रेषांची) भीती वाटणाऱ्याने इथून सुरुवात करावी. लपेटदार वळण मात्र ठोकळ्यांतून निघत नाही.

खरा फॉन्ट करायचा तर फॉन्टफोर्ज. तेही फुकट, पण दिसायला जुनाट आणि शिकायला चिवट. तरी देवनागरीसाठी मी तेच सुचवेन, कारण जोडाक्षरांचे ओपनटाइप नियम (कुठली अक्षरं जुळली की कुठलं रूप दाखवायचं ते) त्यात लिहिता येतात. माझ्या पहिल्या फॉन्टमध्ये शिरोरेषा अक्षराच्या रुंदीवर बरोबर संपत होती. टाइप केलं तर दोन अक्षरांमध्ये केसाएवढी पांढरी फट दिसायची. १००० युनिटांच्या चौकटीत रेषा दोन्ही बाजूंना १५ युनिटं बाहेर काढली, तेव्हा कुठे ती सलग झाली.

मॅक असेल आणि पैसे मोजायची तयारी असेल तर ग्लिफ्स पाहा. काम बरंच सुखाचं होतं.

माझा कौल इंकस्केप आणि फॉन्टफोर्ज दोन्ही मिळून वापरण्याला आहे. इंकस्केपमध्ये आधी ‘व’ काढा. त्याच्याच गोलातून ‘ब’ आणि ‘क’ निघतात. ही तीन अक्षरं एका घरातली दिसेपर्यंत चौथ्याला हात लावू नका. मग इंकस्केपची एसव्हीजी फाइल फॉन्टफोर्जमध्ये न्या. नेण्याआधी स्ट्रोकचा (जाडी दिलेल्या रेषेचा) पाथ करा आणि एकमेकांवर आलेले आकार ‘युनियन’ने जोडा, नाहीतर सुबक अक्षराच्या पोटात नको तिथे भोकं पडतात.