व्हॉट्सअॅपवरचं "ओके डन", ईमेल की स्टॅम्प पेपर? फ्रीलान्सवाल्यांनी काय करावं

लोअर परळची एजन्सी असो नाहीतर आराम नगरमधलं दोन खोल्यांचं प्रॉडक्शन हाऊस, काम सुरू होताना सगळे "अरे होऊन जाईल रे" म्हणतात आणि बिल लावलं की अकाउंट्सवाल्या मॅडम कायम लंचला गेलेल्या. माझं मत आधीच सांगून टाकते, बहुतेक कामांना ईमेलवरचा एक पानी करार पुरतो, फक्त तो पहिली फाइल उघडायच्या आधी गेला पाहिजे.

तोंडी किंवा व्हॉट्सअॅपवर ठरलेलं बेकायदा नसतं. 1872 चा करार कायदा अशा कामाला कागद हवाच असं म्हणत नाही. घोडं अडतं ते पुराव्यापाशी. चॅट कोर्टात द्यायचं तर 2023 च्या साक्ष अधिनियमातल्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं (रेकॉर्ड कुठल्या फोन-कॉम्प्युटरवरून आला ते लिहून देणारं), नुसता स्क्रीनशॉट नाही, आणि चॅटमध्ये "थोडे चेंजेस आहेत प्लीज" एवढंच असेल तर किती चेंजेस पैशात बसत होते ते कोण सांगणार? जुना क्लायंट, दोन-चार हजारांचं पोस्टर, तिथे ठीक.

ईमेलला पण सर्टिफिकेट लागतंच, पण इथे सगळं एका जागी असतं आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ इलेक्ट्रॉनिक करार मानतं. लांबलचक इंग्रजी लिहायची गरज नाही. "बोलल्याप्रमाणे एक लोगो, तीन ऑप्शन, दोन राउंड चेंजेस, पुढे प्रत्येक राउंडचे 3,000. एकूण 40,000, निम्मे आधी, उरलेले फायनल फाइलच्या आधी. मध्येच काम थांबलं तर अॅडव्हान्स परत नाही. वाद झाला तर मुंबईचं कोर्ट. मान्य असेल तर रिप्लाय करा." झालं. मुंबईचं कोर्ट अशासाठी की क्लायंट गुडगावचा निघाला तर तारखांना तिकडे कोण जाणार. आणि खरं राखण करतो तो अॅडव्हान्स, कलमं नंतर.

स्टॅम्प पेपर मोठ्या कामाला, म्हणजे वर्षाचा रिटेनर (दरमहा ठरलेल्या पैशांवर चालू राहणारं काम) वगैरे. साध्या कराराची 100 ची ड्युटी महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 मध्ये 500 झाली, घरातला जुना 100 चा कोरा पेपर काढू नका. कमी स्टॅम्प असला म्हणून करार रद्द होत नाही, पण बाकी ड्युटी आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. छोट्या क्लायंटला स्टॅम्प पेपर म्हटलं की तो बिथरतो, हेही आहेच.

उरला कंपनीचा स्वतःचा व्हेंडर अॅग्रीमेंट, पंधरा-वीस पानं, आणि "सही करून स्कॅन पाठवा, स्टॅण्डर्ड आहे". स्टॅण्डर्ड त्यांच्यासाठी. यात दोन गोष्टी नीट वाचा. एक कॉपीराइट. तुम्ही लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्हीच, हक्क द्यायचे तर लेखी आणि तुमच्या सहीने, म्हणून "पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क ट्रान्सफर" ही ओळ घालून घ्या. फोटोग्राफरांचं उलटं आहे, पैसे देऊन काढून घेतलेला फोटो वेगळं काही ठरलं नसेल तर क्लायंटचा, त्यामुळे त्यांना लेखी जास्तच गरजेचं. काम संपल्यावर दुसऱ्या ब्रँडकडे जायचं नाही असं कलम दिसलं तर फार घाबरू नका, भारतात ते सहसा टिकत नाही.

दुसरं पेमेंट. "इन्व्हॉइसनंतर 90 दिवस" लिहिलेलं असतं. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, एकट्या फ्रीलान्सरलाही चालते) असेल तर एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याने कमाल मुदत 45 दिवस, कागदावर काहीही असो, आणि लेखी ठरलंच नसेल तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. शिवाय असं लांबवलेलं बिल कंपनीला पैसे देईल त्याच वर्षी टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येतं, म्हणून मार्चमध्ये एक आठवणीचा मेल टाकाच, त्यांचा सीए आपोआप जागा होतो. नाहीच दिले तर थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी एमएसएमई पोर्टलवर तक्रार. उद्यम ऑनलाइन, आधार आणि पॅनवर, फुकट होतं, फी मागणाऱ्या साइट दिसतील त्या सोडून सरकारीच उघडा आणि नवीन काम घ्यायच्या आधी काढून ठेवा.